ऑपेरा रचायचा कसा: आधी घड्याळ, मग सूर

नाटकांना चाली लावायची सवय असलेला माणूस ऑपेरा, म्हणजे जवळजवळ सगळं गाऊनच सांगणारं पाश्चात्त्य धाटणीचं नाटक, करायला बसला की त्याची पहिली चूक ठरलेली. तो पेटी पुढे ओढतो आणि मुखडा शोधायला लागतो. मीही तेच केलं. चाळीस मिनिटांचा मराठी ऑपेरा, चार गायक, एक पियानो आणि तीन तंतुवाद्यं, एवढाच पसारा होता. दीड महिन्यात अकरा चाली जमल्या. सगळ्या बऱ्या होत्या, एक तर फारच गोड. पहिल्या वाचनाला लक्षात आलं की नाटक जागचं हललेलंच नाही. एक पात्र येतं, गातं, थांबतं. मग दुसरं येतं.

घोटाळा कुठे झाला ते कळायला वेळ लागला. संगीत नाटकात गोष्ट पुढे नेतो तो संवाद, आणि पद त्या गोष्टीला घटकाभर थांबवून गायलं जातं. किती थांबायचं ते गायक नट ठरवतो, आणि वन्समोअर आला तर प्रेक्षक. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं तेव्हापासून ही वाट रुळली, आणि ती वाट झकासच आहे. पण ऑपेराची वाट वेगळी. पत्र फोडायला किती वेळ, वाचून झाल्यावर किती गप्प राहायचं, ‘हो’ म्हणण्याआधी किती दम घ्यायचा, हे सगळं संगीतकार कागदावर लिहून देतो. नटाचं घड्याळ त्याच्या हातातून काढून आपण आपल्या मनगटाला बांधतो. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या त्या घड्याळाभोवतीच फिरतात.

हाताशी एक ऑपेरा ठेवू: इटालियन संगीतकार ज्युझेप्पे व्हेर्दीचा ‘रिगोलेत्तो’. ११ मार्च १८५१ रोजी व्हेनिसच्या ला फेनीचे नाट्यगृहात पहिला प्रयोग, संहिता फ्रान्चेस्को मारिया पियावेची. तो निवडायचं कारण असं की तो घडताना दिसतो. त्या काळातली पत्रं आहेत, आणि व्हेर्दीचा सलग कच्चा मसुदाही जपला गेला. १९४१ साली त्याची हुबेहूब प्रत छापून निघाली.

गोष्ट थोडक्यात: मान्तुआचा लंपट ड्यूक, त्याचा कुबडा विदूषक रिगोलेत्तो, आणि रिगोलेत्तोने जगापासून लपवून ठेवलेली मुलगी जिल्दा. एका म्हाताऱ्या सरदाराच्या मुलीची अब्रू ड्यूकने घेतलेली असते. तो सरदार जाब विचारायला येतो तेव्हा रिगोलेत्तो त्याची टवाळी करतो आणि म्हातारा शाप देतो. पुढे ड्यूक जिल्दालाच नासवतो. रिगोलेत्तो मारेकऱ्याला सुपारी देतो, पण पोत्यात ड्यूकऐवजी मुलगी निघते.

विषय: इथे कुणी गावं तरी का?

विषय हाती आला की मी तीन गोष्टी तपासतो. पहिली, भाषा न कळणाऱ्या माणसाला नुसतं पाहून प्रसंग समजेल का? पोतं, वादळ, बंद दार, हे समजतं. वारसाहक्काचा कायदेशीर तिढा नाही समजत. दुसरी, सगळा विषय एका शब्दात मावतो का? व्हेर्दीने पियावेला लिहिलं होतं की सारा विषय त्या शापात आहे. ऑपेराचं नावही आधी ‘शाप’ असंच ठेवायचं घाटत होतं. तिसरी गोष्ट लोक विसरतात. गोष्टीच्या आत कुणी खरोखरच गातं का? ड्यूकचं बायकांच्या चंचलपणावरचं गाणं हे पात्राने सहज म्हटलेलं गाणं आहे, गोष्टीतल्या इतर माणसांना ते गाणं म्हणूनच ऐकू येतं. त्याचा उपयोग शेवटी काय होतो ते पुढे पाहू.

‘रिगोलेत्तो’चं मूळ नाटक फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगोचं. १८३२ साली पॅरिसमध्ये एका प्रयोगानंतर त्याच्यावर बंदी आली, कारण त्यातला लंपट माणूस फ्रान्सचा राजा होता. व्हेनिसवर तेव्हा ऑस्ट्रियाची सत्ता. तिथल्या सेन्सॉरनेही हरकत घेतली. राजाचा ड्यूक करायला व्हेर्दी तयार झाला. कुबड काढा, पोतं काढा, या सूचनांना मात्र तो बधला नाही. पोत्याशी पोलिसांना काय देणंघेणं, असा त्याचा सवाल होता. मला हा किस्सा आवडतो तो कामाच्या दृष्टीने. राजा गेला तरी नाटक उभं राहतं, पोतं गेलं तर शेवटचा अंकच कोसळतो. आपल्या विषयातलं पोतं कोणतं, ते पहिल्याच आठवड्यात ओळखून ठेवा.

आणि हक्क. पुढे पॅरिसला ‘रिगोलेत्तो’ करायचं ठरल्यावर ह्यूगो कोर्टात गेला, हरला, आणि १८५७ मध्ये तिथे प्रयोग झाला. आज तो निकाल आपल्या कामाचा नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क चालतो, युरोपात ७०. कादंबरीवर काम करायचं असेल तर एक सूर लिहिण्याआधी वारसांची लेखी परवानगी घ्या. तोंडी ‘हो हो, करा की’ यावर दोन वर्षं घालवू नका.

आराखडा: मिनिटांचा हिशेब

संहिता लिहून घेण्याआधी गद्य आराखडा करा. एका प्रसंगाला दोन-तीन ओळी, समोर मिनिटं. ही मिनिटं कुठून आणायची? स्टॉपवॉच लावा आणि प्रसंग डोळ्यांसमोर चालवा. कोण आत येतो, कुठवर चालतो, काय पाहतो. मग प्रत्येक प्रसंगापुढे एक खूण करा: घड्याळ चालू, की थांबलेलं? बातमी कळते, भांडण होतं, दार तोडलं जातं, तेव्हा ते चालू. कुणी आठवतं, पस्तावतं, प्रेमात बुडतं, तेव्हा थांबलेलं. माझ्या पहिल्या खर्ड्यात अकराच्या अकरा जागी घड्याळ थांबलेलं होतं. सगळं रडगाणं त्यातच आलं.

‘रिगोलेत्तो’च्या शेवटच्या अंकात हा खेळ उघड दिसतो. नदीकाठची पडकी खानावळ. ड्यूक आत येतो आणि ते गाणं म्हणतो. मग चौघांचं गाणं, घड्याळ थांबलेलं. मग वादळ चढतं, मारेकऱ्याची बहीण ड्यूकसाठी गयावया करते, त्याच्याऐवजी दार ठोठावेल त्याला मारायचं ठरतं, बाहेर पुरुषी कपड्यांत जिल्दा ऐकते आहे. आता घड्याळ नुसतं चालू नाही, धावतंय, आणि रंगमंचावर खरोखरच टोले पडतात. तिला भोसकल्यावर वादळ ओसरत जातं. मध्यरात्री रिगोलेत्तो येतो, पोतं ताब्यात घेतो, नदीत टाकणार एवढ्यात दुरून तेच गाणं ऐकू येतं. ड्यूक जिवंत आहे! मग पोत्यात कोण?

इथे चाल नवी नाही. प्रेक्षकाने ती अर्ध्या तासापूर्वी ऐकली, त्याला आवडली, तो बहुधा गुणगुणायलाही लागला होता. मध्ये ड्यूक झोपी जाताना तिचा तुटक तुकडा पुन्हा कानावर पडलेला. म्हणून तिसऱ्या वेळी दोन सूर ऐकताच अंगावर काटा येतो. चाल गोड आहे म्हणून तो काटा नाही, ती कुठे ठेवली आहे त्याचा आहे. आराखड्यात मी अशा जागा लाल पेन्सिलीने जोडतो: इथे पेरलं, इथे उगवलं.

संहिता: लेखकाशी भांडायची तयारी

गायला बोलण्यापेक्षा फार वेळ लागतो. माझा ठोकताळा तिपटीचा. अर्ध्या तासात वाचून होणारा मजकूर गायला गेला की दीड तास घेतो. म्हणून नाटकाचा ऑपेरा करताना दोन-तृतीयांश शब्द जातात आणि ते जायलाच हवेत. लेखकाला हे पहिल्या दिवशी सांगा, नाहीतर पन्नासाव्या दिवशी बोलणं बंद होतं.

काय कापायचं? स्पष्टीकरणं, विशेषणं, आणि संगीत जे सांगू शकतं ते सगळं. ‘मी किती दुःखी आहे’ ही ओळ मला नको, चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या घरातलं ते खर्जातलं तंतुवाद्य, ते सांगेल. ‘किल्ली कुठे आहे?’ ही ओळ मात्र हवी, कारण ते चेलोला सांगता येत नाही. १८७० मध्ये ‘आयदा’ या ऑपेराच्या वेळी व्हेर्दी आपल्या लेखकाला ‘रंगमंचीय शब्द’ मागत होता, म्हणजे प्रसंग लखकन उभा करणारा शब्द, मग त्यापायी वृत्त मोडलं, यमक गेलं तरी बेहत्तर. मराठी कवीकडून असा शब्द काढून घेणं सोपं नाही. आपल्या कवींचा हात अक्षरगणवृत्तात नाहीतर गझलेत बसलेला असतो, ओळ तोलूनच येते. त्यांना सांगा: पात्राला जे बोलायला लाज वाटेल ते वृत्तात लिहा, जे तोंडातून निसटेल ते गद्यात.

लांबीबद्दल मोत्झार्टइतकं कठोर कुणी नव्हतं. त्याच्या ‘इदोमेनेओ’ या ऑपेराची तयारी १७८०च्या अखेरीस म्यूनिकमध्ये चालू होती, लेखक राहायचा झाल्झबुर्गला, तेव्हा सगळा वाद वडिलांना लिहिलेल्या पत्रांतून चाले. समुद्रदेवाची आकाशवाणी लांबली तर कुणाचाच विश्वास बसणार नाही, असं त्याने लिहिलं आणि दाखला दिला ‘हॅम्लेट’चा: भुताचं भाषण आखूड असतं तर जास्त धाक वाटला असता. भूत फार बोललं की माणूस होतं!

आणखी एक गोष्ट. काही संगीतकारांनी स्वतःच संहिता लिहिली, व्हागनर त्यातला सर्वांत हट्टी. इटलीच्याच पुच्चिनीने ‘ला बोएम’ला दोन लेखक घेतले, एक प्रसंगांची बांधणी करणारा, दुसरा पद्य लिहिणारा, आणि दोघांनाही जेरीस आणलं. नवख्याने स्वतः लिहू नये असं माझं मत. आपल्या ओळी आपण कापत नाही.

गळे: कुणासाठी लिहिताय?

आपल्याकडे गायक येतो आणि आपली पट्टी सांगतो: काळी एक, पांढरी पाच. पेटीवाला हसून सूर धरतो. ऑपेरात ही सोय जवळजवळ नाही. सूर लिहिला तो लिहिला, त्याच्याखाली तीस-चाळीस वाद्यांचे कागद तयार झालेले असतात. म्हणून गायक ठरलेला असेल तर आधी त्याच्यासोबत बसा. आवाज कुठवर जातो ते विचारू नका, ते सगळे फुगवून सांगतात. कोणत्या टप्प्यात पंधरा मिनिटं न थकता गाता येतं ते विचारा. बहुतेक गाणं तिथे ठेवा, आणि टोकाचे सूर प्रसंगापुरते, हिशेबाने खर्च करा.

मोत्झार्ट म्हणे की गाणं गायकाला बेतून शिवलेल्या कपड्यासारखं बसलं पाहिजे. ‘इदोमेनेओ’तल्या राजाची भूमिका करणारा आंतोन राफ त्या वेळी ६६ वर्षांचा होता. त्या वयाच्या गळ्याला झेपेल तेच मोत्झार्टने दिलं.

पात्र आणि आवाज यांची जोडी नाटक सांगते. ‘रिगोलेत्तो’त ड्यूक टेनर, म्हणजे उंच, उजळ पुरुषी आवाज, सगळ्यांना आवडणारा, खलनायक तोच. कुबडा बाप बॅरिटोन, मधला आवाज, पण व्हेर्दी त्याला बराच वेळ त्या टप्प्याच्या वरच्या अंगाला ताणून ठेवतो, त्यामुळे माणूस सतत टाचांवर उभा असल्यासारखा वाटतो. मारेकरी खर्जातला बास, मुलगी सोप्रानो, म्हणजे स्त्रीचा उंच आवाज. डोळे मिटले तरी कोण बोलतंय ते कळतं. चार पात्रांना चार सारखेच आवाज दिलेत तर प्रेक्षकाचा अर्धा मेंदू ओळखपरेडीतच गुंततो.

आता माझी फजिती. माझ्या ऑपेरात ‘किल्ली कुठे ठेवलीस?’ या ओळीवर सगळी गोष्ट फिरत होती. मी ती सोप्रानोला तार सप्तकात दिली, जोशात. प्रयोगानंतर एका बाईंनी विचारलं, ‘त्या दोघी शोधत काय होत्या हो?’ बाईंच्या कानांचा काही दोष नव्हता. स्त्रीचा आवाज पाश्चात्त्य स्वरलिपीतल्या पाच ओळींच्या पट्टीच्या वरच्या काठाला पोचला की भाषेतले सगळे स्वर एकमेकांसारखे ऐकू येऊ लागतात; ‘इ’, ‘उ’, ‘ए’ यांत फरक राहत नाही. तिथे ‘किल्ली’चं ‘काल्ला’ होतं. हा गळ्याचा गुणधर्म आहे, रियाजाने फारसा बदलत नाही. दुसऱ्या खर्ड्यात मी ती ओळ मध्य सप्तकात, बोलल्यासारखी आणली, खाली चेलोचा एकच लांब सूर. उंच सूर ठेवला तो त्यानंतर, ‘आई’तल्या ‘आ’वर. ज्याचा अर्थ लोकांना कळलेला आहे तोच शब्द वर न्यायचा.

शब्दांवर सूर

मोराव्हियाचा, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातला, संगीतकार लेओश यानाचेक खिशात वही ठेवून हिंडायचा आणि बाजारातल्या, स्टेशनवरच्या माणसांचं बोलणं सुरांत टिपून घ्यायचा. १९०४ साली ब्रनोमध्ये झालेल्या त्याच्या ‘येनूफा’ या ऑपेरात त्या कानाची कमाई ऐकू येते. मराठीसाठी हा अभ्यास कुणी आपल्याला करून दिलेला नाही, तेव्हा मोबाइल काढा आणि घरातलंच बोलणं टिपा.

‘जेवलास का?’ एवढं वाक्य घ्या. बोलताना ‘जे’ लांब, ‘व’ अर्धाच, ‘लास’वर भार, आणि ‘का’ आखूड, वर उचललेला. ‘जेव्-लास्-का’, तीन ठोके. चाल लावणारा सवयीने ‘जे-व-ला-स-का’ असे पाच करतो, कारण पदात आपण प्रत्येक अकार पूर्ण गातो. मग आईचा प्रश्न भजनासारखा ऐकू येतो. दोन्ही पद्धती मराठीच्याच आहेत. पण कुठे कोणती, ते ठरवून घ्या. मी असा नियम केला: घड्याळ चालू असताना बोलीतला अर्धा उच्चार, थांबलं की पदातला पूर्ण. प्रेक्षकाला नियम माहीत नसतो, तरी पात्र बोलण्यातून गाण्यात शिरलं हे त्याला नेमकं जाणवतं.

त्याच वाक्यात ‘का’ खाली आणून लांबवला की टोमणा होतो. ‘जेवलास’ आणि ‘का’ यांच्यात अर्ध्या ठोक्याची फट ठेवली की विचारणारीला उत्तर माहीत आहे असं वाटतं. शब्द तेच. ही फट नाटकात नटी ठरवते, इथे तुम्ही. म्हणून प्रत्येक ओळ आधी मोठ्याने दहा वेळा बोला, मग एकाच सुरावर नुसत्या लयीत म्हणा, आणि लय पटल्यावरच वरखाली न्या. व्हेर्दीने रिगोलेत्तोच्या मनातला शाप अगदी असाच लिहिला आहे. ‘त्या म्हाताऱ्याने मला शाप दिला’ हे वाक्य जवळजवळ एकाच सुरावर, अडखळत्या लयीत. ऑपेराच्या सुरुवातीला पितळी वाद्यं तोच सूर, तीच लय वाजवतात. कुणी याला चाल म्हणणार नाही, पण ती डोक्यातून जात नाही.

लांब सुरासाठी ‘आ’, ‘ओ’, ‘ए’वर संपणारे शब्द कवीकडे मागा. ‘घर’, ‘मन’, ‘दुःख’ यांच्यावर थांबायची वेळ आली तर गायकाला काय धरायचं तेच कळत नाही.

कच्चा मसुदा

आता लिहायला बसा, पण वाद्यवृंदासाठी नको. दोन किंवा तीन पट्ट्या पुरेत: वर गळा, खाली बासची, म्हणजे सर्वांत खालच्या सुरांची, ओळ, मध्ये सुचलंच तर ‘इथे क्लॅरिनेट’ अशी खूण. व्हेर्दीचा ‘रिगोलेत्तो’चा मसुदा बहुतांशी असाच आहे, गाणं आणि बास, सलग. सलग हा शब्द महत्त्वाचा. सुटे तुकडे घोटत बसलं की मधले सांधे राहून जातात, आणि ऑपेरा सांध्यांवर चालतो.

सुरुवातीपासूनच लिहा असं मात्र नाही. मी शेवटापासून मागे येतो, कारण कुठे पोचायचं ते कळलं की काय पेरायचं ते कळतं. रोज लिहिलेलं पियानोवर स्वतः गाऊन ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी चालताना ऐका. ज्या जागी तुमचं लक्ष रस्त्यावरच्या भाजीवाल्याकडे गेलं, तिथे कात्री.

व्हेर्दीने हा ऑपेरा एकामागून एक येणाऱ्या द्वंद्वगीतांची साखळी म्हणून कल्पिला होता. पुढे एका गायिकेच्या नवऱ्याने तिच्यासाठी जादा गाणं मागितलं तेव्हा त्याने साफ नकार दिला. आपल्याकडे लोकप्रिय नटासाठी पद घुसवायची परंपरा जुनी आहे, तेव्हा ही मागणी तुमच्याकडेही येणारच. उत्तर आधीच तयार ठेवा.

चौघे एकदम

नाटकात चार माणसं एकाच वेळी बोलली तर गोंगाट होतो. ऑपेरात तेच करता येतं, आणि माझ्या मते ऑपेरा लिहिण्याचं तेच सर्वांत मोठं कारण आहे. शेवटच्या अंकातलं चौघांचं गाणं पाहा. आत ड्यूक मारेकऱ्याच्या बहिणीला घोळात घेतोय: लांब, लोण्यासारखी ओळ. ती त्याला हसून उडवते: तुटक, टपटप पडणारे छोटे सूर. बाहेर जिल्दा हे पाहून मोडून पडली आहे: हुंदक्यांनी तुटलेली, वर जाऊन खाली कोसळणारी ओळ. बाप तिच्याशेजारी दात-ओठ खातोय: खालच्या टप्प्यात, कमी सुरांत. शब्द कुणाचेच नीट कळत नाहीत, आणि कळायची गरजही नाही, कारण चौघांची लय वेगळी आहे.

हे करायची रीत: आधी प्रत्येकाची ओळ एकट्याने ऐकवा किंवा निदान दोघांत सुटी दाखवा, शब्द कानावर पडू द्या, मग एकावर एक रचा. लिहून झाल्यावर प्रत्येक ओळ नुसत्या टाळीने वाजवून पाहा. दोन ओळींची टाळी सारखी आली तर त्यातली एक बदला. हिंदुस्थानी संगीतात वाढलेल्या आपल्याला इथे जड जातं. एका सुरावलीच्या आत खोल जायची आपली तालीम, चार सुरावल्या शेजारी नांदवायची नाही. दोनाने सुरुवात करा.

वाद्यं

ऑपेराच्या गायकाला माइक नसतो. कमावलेल्या आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास एक धार असते, तिच्या जोरावर तो वाद्यवृंदाच्या वर ऐकू येतो. पण खालच्या आणि मधल्या टप्प्यात ती धार कमी पडते. गायक तिथे असताना ट्रॉम्बोन आणि हॉर्न ही पितळी वाद्यं गप्प ठेवा, तंतुवाद्यं विरळ करा. पितळेला बोलायचं असेल तर गायकाच्या श्वासाच्या जागी बोलू द्या.

कमी वाद्यांत काय होतं त्याचा नमुना: रिगोलेत्तोला अंधाऱ्या गल्लीत मारेकरी भेटतो तो प्रसंग. दोघे पुरुष, खालच्या आवाजात, जवळजवळ बोलत. मुख्य सुरावट त्यांच्याकडे नाहीच. ती आहे एका चेलोकडे आणि एका डबल बासकडे, दोघांचे आवाज दाबलेले. सौदा माणसं करतात, भीती वाद्यं दाखवतात. आणि वादळात वारा कुठून आणला? पडद्यामागे पुरुषांचा कोरस, म्हणजे समूहगायकांचा ताफा, तोंड मिटून गुणगुणतो. त्या अंकात कोरसला दुसरं काम नव्हतंच. फुकटात वारा मिळाला.

एवढा ताफा परवडणार नाही हे मला ठाऊक आहे. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनचा ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ हा ऑपेरा फक्त १३ वादकांसाठी लिहिलेला आहे, आणि त्याचा पहिला प्रयोग १९५४ मध्ये त्याच ला फेनीचेत झाला. नवख्याने असे लहान ऑपेरे समोर ठेवावेत.

नेपथ्यबदलाचा वेळ दिग्दर्शकाला आधीच विचारा. १९०२ मध्ये ‘पेलेआस ए मेलिझांद’ या ऑपेराच्या तालमी चालू असताना देखावे बदलायला वेळ पुरेना म्हणून फ्रेंच संगीतकार दब्यूसीला मधली वाद्यसंगीतं घाईने वाढवावी लागली. ती सुंदर आहेत. तुमच्या-माझ्या घाईतून तसं येईलच असं नाही.

कागद, तालीम, कात्री

पूर्ण वाद्यवृंदाच्या कागदांआधी गायन-पियानो प्रत तयार करा, कारण बहुतेक तालमी तिच्यावरच होतात. शब्द देवनागरीत घालत असाल तर अक्षरं तोडताना जोडाक्षर पुढच्या सुराखाली ठेवा: ‘आ-त्मा’, ‘आत्-मा’ नव्हे. नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं कधीकधी फुटतात, छापून डोळ्याने तपासा. प्रत्येक गायकाच्या प्रवेशाआधी दुसऱ्याच्या दोन-तीन सुरांचा क्यू, म्हणजे ‘आता तुझी पाळी’ असा इशारा, लहान अक्षरात द्या. मराठी गायकांपैकी अनेकांना पाच ओळींची पट्टी वाचता येत नाही. त्यांना सरगम लिहून द्या आणि पियानोची मुद्रित साथ पाठवा. मात्र त्या मुद्रणात थांबे ताठ होतात, म्हणून कंडक्टर आल्यावर पहिले दोन दिवस सगळ्यांचं सगळं चुकणार, हे गृहीत धरा.

पहिलं वाचन मसुदा पूर्ण होताच करा, नुसत्या पियानोवर, पाच-सहा परक्या माणसांसमोर. त्यांना ‘आवडलं का’ विचारू नका. गोष्ट सांगायला सांगा. त्यांची गोष्ट जिथे तुमच्याहून वेगळी होते तिथे संहिता किंवा सूर फसलाय. मग संगीताच्या तालमी, मग हालचालींच्या, मग गायक आणि वाद्यवृंद खुर्च्यांवर बसून पहिल्यांदा एकत्र, आणि शेवटी रंगीत तालीम. आधीच्या दोन टप्प्यांत तुम्ही दुरुस्त्या देऊ शकता. वादकांचे कागद वाटले गेल्यानंतर मात्र एक ठोका काढायचा म्हणजे प्रत्येक स्टँडवर जाऊन पेन्सिल चालवायची.

तरी कात्री प्रयोगानंतरही थांबत नाही. ‘मादामा बटरफ्लाय’ १७ फेब्रुवारी १९०४ रोजी मिलानच्या ला स्कालात सपशेल पडला. पुच्चिनीने तो मागे घेतला, लांबलेला दुसरा अंक दोन भागांत विभागला, बरंच कापलं, थोडं नवं लिहिलं, आणि २८ मेला ब्रेशाच्या छोट्या शहरात पुन्हा आणला. तिथे तो चालला. त्यानंतरही तो हात फिरवत राहिलाच.

माझ्या ऑपेराचा दुसरा प्रयोग चौतीस मिनिटांचा झाला. अकरा चालींपैकी तीन उरल्या, त्यातली एक तुकड्यातुकड्यांत विखुरलेली, किल्ली सापडते तेव्हाच सलग ऐकू येणारी. सुरुवातीला म्हटलेली ती फारच गोड चाल मात्र पूर्ण गेली, कारण ती जिथे होती तिथे मुलीने आईच्या हाताकडे नुसतं पाहायला हवं होतं, सहा ठोके, व्हायोलाच्या एका सुरावर. ती चाल भांडी घासताना अजून ओठांवर येते.